अर्ध्या मिलिमीटरच्या चकतीवरून तन्य भंगाचे भाकीत : स्मॉल पंच चाचणीचे सविस्तर मार्गदर्शन

औष्णिक वीज केंद्रातील बाष्पवाहिनी किंवा अणुभट्टीचे दाबपात्र वीस-पंचवीस वर्षे सेवेत राहिले की तपासणी अभियंत्यापुढे एक प्रश्न हमखास येतो : आज या धातूत भेग असेल, तर ती कोणत्या भाराला वाढू लागेल आणि फाटण्यापूर्वी धातू किती ऊर्जा पचवेल? या प्रश्नाचे थेट उत्तर देणारी प्रमाणित भंगचाचणी आहे. परंतु तिला लागणारा २५ मिमी जाडीचा कॉम्पॅक्ट टेन्शन नमुना (आधीच भेग पाडून ओढला जाणारा ठोकळा) सुमारे ६२.५ मिमी लांब आणि ६० मिमी उंच असतो. चालू यंत्रणेतून एवढा ठोकळा कापला, तर त्या जागी वेल्डिंगने भरणी करावी लागते, आणि त्या भरणीतून निर्माण होणारी जोखीम कधी कधी मूळ शंकेपेक्षा मोठी ठरते. लघुनमुना चाचण्या या अडचणीतून जन्मल्या.

त्यांतील सर्वाधिक रुळलेली चाचणी म्हणजे स्मॉल पंच. हिच्यात काठाने पकडलेल्या छोट्या चकतीवर गोल टोकाचा पंच दाबत नेतात आणि ती फाटेपर्यंत बल व विस्थापन मोजतात. १९८०च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत, किरणोत्सर्गाचा मारा झालेल्या धातूंच्या अभ्यासासाठी, तीन मिलिमीटर व्यासाच्या चकत्या वाकवून पाहण्याचे प्रयोग सुरू झाले. अणुभट्टीत नमुने ठेवण्यासाठी जागा थोडी असते आणि मोठा नमुना हाताळणाऱ्याला अधिक किरणोत्सर्ग सोसावा लागतो, ही त्यामागची दोन व्यावहारिक कारणे होती. पुढे युरोपातील प्रयोगशाळांनी सीडब्ल्यूए १५६२७ हा सामायिक संकेत तयार केला, २०२० मध्ये एएसटीएम ई३२०५ आणि २०२१ मध्ये ईएन १०३७१ ही मानके आली. आपल्याकडे तुर्भे येथील भाभा अणु संशोधन केंद्र आणि कल्पाक्कम येथील इंदिरा गांधी अणु संशोधन केंद्र येथे लघुनमुना चाचण्यांवर दीर्घकाळ काम झाले आहे. त्यामुळे हा विषय मराठी वाचकाच्या अंगणाबाहेरचा नाही.

या लेखात पी९१ हे पोलाद उदाहरणादाखल घेतले आहे. त्यात सुमारे ९ टक्के क्रोमियम आणि १ टक्का मॉलिब्डेनम असते, किमान यील्ड सामर्थ्य (ज्या प्रतिबलाला, म्हणजे एकक क्षेत्रफळावरच्या बलाला, धातू कायमचा ताणला जाऊ लागतो ते) ४१५ मेगापास्कल आणि किमान ताणसामर्थ्य (धातू पेलू शकतो ते सर्वाधिक प्रतिबल) ५८५ मेगापास्कल असावे अशी अपेक्षा असते, आणि उच्च तापमानाच्या बाष्पवाहिन्यांत ते सर्रास वापरले जाते. मिश्रधातू वेगळा असला तरी पायऱ्या याच राहतात. आकडे मात्र बदलतात.

चाचणी काय देते आणि काय देत नाही

चाचणी हाती घेण्यापूर्वी एक गोष्ट स्पष्ट करून घ्यावी. स्मॉल पंच चाचणीतून बल आणि विस्थापन यांचा वक्र मिळतो. भंगचिवटपणा, म्हणजे ज्याला आपण रोजच्या बोलण्यात फ्रॅक्चर टफनेस म्हणतो तो, त्या वक्रात लिहिलेला नसतो. चकतीत भेग आधीपासून नसते आणि जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर असल्याने भेगेच्या टोकाशी जी त्रिदिश कोंडी (तिन्ही दिशांनी ताण येऊन धातूला पसरायला वाव न उरणे) निर्माण होते तीही तिच्यात नसते. वक्रापासून भंगचिवटपणापर्यंत जायचे तर मध्ये एक तर अनुभवजन्य सूत्र लागते किंवा पोकळ्यांची वाढ मोजणारे संगणकीय प्रतिमान लागते. पहिला मार्ग झटपट आहे. दुसरा कष्टाचा आहे, पण दुसऱ्यानेच भाकीत करता येते. म्हणून पुढचा बहुतेक मजकूर दुसऱ्या मार्गासाठी डेटा कसा तयार करायचा याविषयी आहे.

तन्य भंगाची, म्हणजे बरेच ताणले जाऊन मग फाटण्याची, यंत्रणाही येथेच ध्यानात घ्यावी. धातूतील मँगनीज सल्फाइड, ऑक्साइड किंवा कार्बाइड यांच्या कणांभोवती प्लास्टिक (कायम राहणारी) विकृती वाढते, कण मातृधातूपासून सुटतात किंवा फुटतात, तिथे सूक्ष्म पोकळ्या तयार होतात, त्या वाढतात आणि अखेर एकमेकींना मिळून भेग पडते. पोकळी किती वेगाने वाढेल हे मुख्यतः प्रतिबलाच्या त्रिदिशतेवर, म्हणजे सरासरी प्रतिबल आणि समतुल्य प्रतिबल यांच्या गुणोत्तरावर अवलंबून असते. राइस आणि ट्रेसी यांनी १९६९ मध्ये दाखवले की हा वेग त्रिदिशतेच्या दीडपटीच्या घातांकाने वाढतो. स्मॉल पंच चकतीचा पडदा दोन्ही दिशांना सारखा ताणला जातो तेव्हा त्रिदिशता सुमारे ०.६७ असते; जाड नमुन्यातील भेगेच्या टोकाशी ती सहज २ पर्यंत जाते. सूत्रात हे आकडे घातले तर तेवढ्याच विकृतीला भेगेच्या टोकाशी पोकळी चकतीपेक्षा सुमारे सातपट वेगाने वाढते. चकतीवर जुळवलेले प्रतिमान आपण नेमक्या या सातपटीच्या अंतरावरून पलीकडे नेणार असतो, हे पुढील प्रत्येक पायरीवर डोळ्यांपुढे असले पाहिजे.

धातू कुठून आणि कसा काढावा

चालू घटकातून धातू काढण्यासाठी बोट सॅम्पलिंग किंवा स्कूप सॅम्पलिंग वापरले जाते. वाटीच्या आकाराचे फिरते कर्तन-अवजार पृष्ठभागातून नावेच्या आकाराचा तुकडा सोडवून आणते. तुकड्याची जाडी साधारण तीन मिलिमीटरच्या आसपास असते आणि मागे गुळगुळीत, उथळ खळगा राहतो. भिंतीची उरलेली जाडी संकल्पनात धरलेल्या किमान जाडीपेक्षा जास्त असेल, तर त्या खळग्याला वेल्डिंगने भरण्याची गरज पडत नाही. भाभा अणु संशोधन केंद्रानेही असे तंत्र स्वतः विकसित केले आहे.

अशा तुकड्यातून चकत्या काढताना बाहेरचा थर टाकून द्यावा. सेवेतल्या पृष्ठभागावर ऑक्साइड असते, कधी कार्बन कमी झालेला असतो, आणि त्या थराची वर्तणूक भिंतीच्या आतल्या धातूची नसते. दुसरीकडे, तुटलेल्या चार्पी नमुन्यांचे (खाच पाडून आघाताने तोडलेल्या छोट्या दांड्यांचे) अर्धे भाग उपलब्ध असतील, तर त्यांच्यासारखा सोयीचा कच्चा माल नाही. फक्त खाचेजवळचा वाकलेला भाग सोडून द्यावा.

दिशा नोंदवणे येथेच सुरू होते. चकतीचा पृष्ठभाग नळीच्या अक्षाला समांतर आहे की लंब, लाटण्याची दिशा कोणती, तुकड्यावर वर-खाली काय होते, हे कापण्यापूर्वी खुणेने पक्के करावे. लाटलेल्या पोलादात सल्फाइडचे कण लांबट असतात आणि भेगेचा मार्ग त्यांच्या दिशेनुसार बदलतो.

वेल्डच्या उष्णता-प्रभावित पट्ट्यासाठी ही चाचणी विशेष उपयोगी आहे. पी९१च्या जोडात हा पट्टा अवघा काही मिलिमीटर रुंद असतो, आणि नेहमीचा ताणनमुना त्यात मावतच नाही. जोड आधी एचिंग करून (रसायनाने पृष्ठभाग किंचित कोरून) पट्टा दृश्य करावा, सूक्ष्म कठिनता मोजत पलीकडे जावे, आणि मग कोणत्या अंतरावर कोणती चकती काढायची ते ठरवावे.

चकती घडवणे

प्रमाणित चकती ८ मिमी व्यासाची आणि ०.५ मिमी जाडीची असते, आणि जाडीची सहनशीलता ±०.००५ मिमी असते. लहान आवृत्तीत व्यास ३ मिमी आणि जाडी ०.२५ मिमी असते. धातू पुरेसा असेल तर तिच्या वाटेला जाऊ नये, कारण तीत प्रत्येक चूक दुप्पट होऊन समोर येते.

प्रथम वायरकटवर (विद्युत ठिणगीने धातू कापणाऱ्या यंत्रावर) ८ मिमी व्यासाचा दांडा सोडवावा आणि त्याचे सुमारे ०.७ मिमी जाडीचे काप घ्यावेत. वायरकटच्या ठिणगीने पृष्ठभागावर वितळून पुन्हा गोठलेला पातळ, कडक थर राहतो. तो दोन्ही बाजूंनी पूर्ण गेला पाहिजे, म्हणून प्रत्येक बाजूने ०.१ मिमी घासण्याची सोय काप घेतानाच ठेवलेली असते. घासताना एका बाजूचेच सर्व माप काढू नये; चकती वारंवार उलटावी, नाहीतर एका बाजूच्या अवशिष्ट प्रतिबलामुळे ती किंचित वाकते आणि फिक्श्चरमध्ये (चकती पकडणाऱ्या साच्यात) नीट बसत नाही. खरखरीत कागदावर सुरुवात करून १२०० क्रमांकाच्या कागदावर शेवट करावा, पाणी सतत सोडावे आणि हाताने धरण्याऐवजी नेमक्या खोलीचा खाचा असलेला होल्डर वापरावा, म्हणजे कडा गोल होत नाहीत. पी९१ चुंबकीय असल्याने सरफेस ग्राइंडरच्या चुंबकी चकवर धरता येते. ३१६ जातीच्या स्टेनलेसला ती सोय नाही. ३०४ स्टेनलेस जोरात घासल्यास पृष्ठभागावर मार्टेन्साइट (वेगळीच, कडक स्फटिकरचना) तयार होते आणि मग आपण मूळ धातू तपासतच नाही, याचीही नोंद घ्यावी.

जाडी हा या चाचणीचा कणा आहे. परिघाजवळ ९० अंशांवर चार ठिकाणी आणि मध्यभागी, एक मायक्रॉन विभेदनाच्या मायक्रोमीटरने, ती मोजावी. यील्डचा अंदाज बलाला जाडीच्या वर्गाने भागून मिळतो; म्हणजे ०.५०० ऐवजी प्रत्यक्षात ०.४९५ मिमी जाडीची चकती असेल आणि आपण ०.५०० धरले, तर केवळ त्या पाच मायक्रॉनांमुळे यील्डचे उत्तर दोन टक्क्यांनी चुकते. ज्या प्रयोगशाळेत जाडीचे पाच आकडे नोंदवहीत नसून फक्त ‘०.५ मिमी’ असे लिहिलेले असते, तिथला डेटा प्रतिमान जुळवण्यासाठी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

कणांचा आकारही तपासावा. जाडीत किमान दहाएक धातुकण बसावेत, म्हणजे ०.५ मिमी चकतीसाठी कणांचा सरासरी आकार ५० मायक्रॉनच्या आत असावा. ओतीव धातूत किंवा वेल्डच्या ठोकळ कणांच्या भागात ही अट मोडते आणि प्रत्येक चकती वेगळेच उत्तर देते. याच कारणासाठी संख्या वाढवावी लागते. चार मिलिमीटरच्या भोकावर ताणला जाणारा धातू अवघा सव्वासहा घन मिलिमीटर असतो, तर १२.५ मिमी व्यासाच्या आणि ५० मिमी गेज लांबीच्या नेहमीच्या ताणनमुन्यात त्याच्या जवळपास हजारपट धातू तपासला जातो. एखादा मोठा सल्फाइड कण चकतीत सापडेल की नाही, हा नशिबाचा भाग उरतो. एकजिनसी धातूसाठी प्रत्येक स्थितीला किमान तीन, आणि वेल्डसाठी पाच-सहा चकत्या ठेवाव्यात.

फिक्श्चर आणि पंच

मानक भूमितीत खालच्या डायला ४ मिमी व्यासाचे भोक असते, त्याच्या काठाला ०.२ मिमीचा ४५ अंशी चॅम्फर (तिरपा काप) असतो, आणि पंचाचे टोक २.५ मिमी व्यासाच्या गोलाचे असते. भोकाची त्रिज्या २ मिमी आणि गोलाची १.२५ मिमी, म्हणजे दोहोंत पाऊण मिलिमीटरची फट राहते. अर्ध्या मिलिमीटरची चकती त्यातून चिमटली न जाता वाकू शकते ती या हिशेबामुळे. डाय आणि पंच यांची कठिनता किमान ५५ रॉकवेल सी असावी. टोकासाठी सुटी गोळी, म्हणजे बेअरिंगची कडक पोलादी किंवा सिलिकॉन नायट्राइडची गोळी, वापरणे सोयीचे पडते, कारण ओरखडा पडताच ती बदलता येते.

पंच आणि भोक एका अक्षावर आहेत का, हे तपासण्याचा सोपा उपाय म्हणजे मऊ ॲल्युमिनियमची चकती मध्येच थांबवून भिंगाखाली पाहणे. घुमटाचा माथा एका बाजूला सरकलेला दिसला, तर मार्गदर्शक बुश झिजला आहे किंवा फिक्श्चर यूटीएमच्या (बल लावणाऱ्या चाचणी यंत्राच्या) अक्षावर बसलेले नाही. चॅम्फरचा काठ झिजून गोल झाला की वक्राची सुरुवात मऊ होते, आणि तो बदल इतका सावकाश होतो की डाय बदलण्याची वेळ आली हे कुणाच्या ध्यानात येत नाही. म्हणून ज्ञात धातूच्या संदर्भ चकत्यांचा साठा ठेवून ठराविक काळाने त्यातली एक तपासावी. वरचा डाय टॉर्क-पान्याने ठरावीक घट्टपणापर्यंतच कसावा.

चाचणी चालवणे

पी९१सारख्या पोलादात या भूमितीला कमाल बल साधारणपणे दोन किलोन्यूटनच्या आसपास जाते, त्यामुळे ५ किलोन्यूटनची लोड सेल पुरते. शंभर किलोन्यूटनच्या यंत्रावर, त्याच्याच लोड सेलने, ही चाचणी घेण्याचा मोह टाळावा. वक्राचा पहिला भाग तिच्या गोंगाटात हरवतो.

पंच ०.५ मिमी प्रतिमिनिट या स्थिर वेगाने उतरवावा. मानके ०.२ ते २ मिमी प्रतिमिनिट इतकी मोकळीक देतात, पण एका मालिकेत वेग बदलू नये. बल कमाल बिंदू गाठून त्यापासून २० टक्क्यांनी उतरले की चाचणी थांबवावी. संपूर्ण प्रकार चार-पाच मिनिटांत आटोपतो.

विस्थापन कुठे मोजले, यावर पुढचे सारे अवलंबून आहे. क्रॉसहेडच्या विस्थापनात यंत्राचे, पंचाचे आणि सांध्यांचे लवचीक दबणेही मिसळलेले असते. ते वजा करण्यासाठी भोक नसलेल्या जाड, कडक ठोकळ्यावर पंच दाबून फिक्श्चरची लवचिकता स्वतंत्रपणे मोजावी. याहून चांगला उपाय म्हणजे चकतीच्या खालच्या पृष्ठभागाला एलव्हीडीटीची (विस्थापन मोजणाऱ्या संवेदकाची) काडी टेकवून तिचा झोल थेट मोजणे. शक्य असल्यास दोन्ही मोजावीत, कारण दुरुस्त केलेले पंच-विस्थापन आणि खालच्या पृष्ठभागाचा झोल यांच्यातला फरक म्हणजे मध्यभागी कमी झालेली जाडी. चकती फाटण्यापूर्वीच तिच्या पातळ होण्याची नोंद यातून क्षणोक्षणी मिळते, आणि प्रतिमान तपासायला याच्याइतका चांगला दुसरा डेटा नाही.

घर्षणाचा विचार याच वेळी करावा. घर्षण अजिबात नसते, तर चकती माथ्यावरच सर्वांत पातळ झाली असती. प्रत्यक्षात गोळीला चिकटलेला माथा फारसा ताणला जात नाही आणि त्याच्याभोवतीच्या कड्यात धातू बारीक होतो. भेगही त्याच कड्यात पडते. घर्षण जितके जास्त, तितके हे कडे माथ्यापासून दूर. वंगण वापरायचे असेल तर ते दर वेळी वापरावे, नसेल तर कधीच नाही. आणि गोळी व चकती प्रत्येक चाचणीपूर्वी ॲसिटोनने पुसून घ्यावी.

वक्र वाचणे

वक्राचा आरंभीचा छोटा सरळ भाग लवचीक वाकण्याचा आणि गोळीच्या स्थानिक रुतण्याचा असतो. मग उतार कमी होतो, म्हणजे प्लास्टिक वाकणे जाडीभर पसरते. त्यानंतर चकती डफाच्या कातड्यासारखी ताणली जाते आणि बल पुन्हा चढू लागते. हा सर्वांत लांब टप्पा असतो. अखेर कड्यात गळा पडतो, बल कमाल बिंदूवर येते आणि उतरते.

पहिल्या दोन टप्प्यांच्या सीमेवरचे बल जाडीच्या वर्गाने भागले, की यील्डशी प्रमाणबद्ध संख्या मिळते. हे बल ठरवण्याच्या दोन-तीन पद्धती आहेत : दोन स्पर्शिकांचा छेद, जाडीच्या दशांशाइतका समांतर ऑफसेट, किंवा दोन सरळ रेषांची गणिती जुळणी. प्रत्येकीचा गुणांक वेगळा असतो, म्हणून एका पद्धतीचे बल आणि दुसरीचा गुणांक असा संकर करू नये. ताणसामर्थ्यासाठी पूर्वी कमाल बल वापरले जाई; पण कमाल बलावर तन्यता आणि घर्षण या दोहोंचा प्रभाव असल्याने ते धातूगणिक डगमगते. सुमारे ०.६५ मिमी विस्थापनाचे बल घेतले तर ताणसामर्थ्याशी अधिक चांगला मेळ बसतो.

तन्य भंगासाठी याहून मोलाची राशी म्हणजे भंगविकृती. तपासलेली चकती रेझिनमध्ये बसवून मधोमध कापावी आणि भेगेच्या कडेशी उरलेली जाडी सूक्ष्मदर्शकाखाली मोजावी. मूळ जाडी ०.५०० मिमी आणि उरलेली ०.१५० मिमी असेल, तर त्यांच्या गुणोत्तराचा नैसर्गिक लॉगरिदम १.२० येतो, हीच समद्विअक्षीय ताणातली समतुल्य भंगविकृती होय. या विकृतीपासून भंगचिवटपणा थेट देणारी सरळ रेषेची सूत्रे साहित्यात पुष्कळ आहेत. ती ज्या पोलादांवर बसवली त्यांच्या कुटुंबात क्रमवारी लावायला चालतात. वेगळ्या मिश्रधातूवर, विशेषतः ॲल्युमिनियम किंवा टायटॅनियमवर, ती लावून आलेला आकडा सुरक्षा-गणितात घालणे मला बेजबाबदारपणाचे वाटते.

एक सावधगिरी येथे सविस्तर सांगितली पाहिजे, कारण चुकीचा निष्कर्ष नेमका याच ठिकाणी निघतो. फेरिटिक पोलाद थंड झाले की तन्य भंगाकडून ठिसूळ भंगाकडे वळते, आणि स्मॉल पंच चाचणीत हे संक्रमण चार्पी चाचणीपेक्षा पुष्कळ खालच्या तापमानाला होते. केल्व्हिनमध्ये मोजल्यास पहिले दुसऱ्याच्या सुमारे ०.४ पट असते. समजा, सेवेतल्या पोलादाचे चार्पी संक्रमण-तापमान उणे २० अंश सेल्सियस, म्हणजे २५३ केल्व्हिन आहे. तर चकतीचे संक्रमण १०० केल्व्हिनच्या आसपास, म्हणजे उणे १७० अंश सेल्सियसजवळ दिसेल. चकतीत खाच नाही, जाडी नाही आणि भार सावकाश येतो, ही त्याची कारणे. म्हणून खोलीच्या तापमानाला चकती सुरेख तन्य फाटली, यावरून खरा घटक त्या तापमानाला तन्य फाटेल असे मुळीच ठरत नाही. तन्य भंगाचे भाकीत करण्यापूर्वी घटक तन्य पट्ट्यात आहे, हे वेगळ्या मार्गाने सिद्ध करावे लागते.

भेग कधी पडली

कमाल बल म्हणजे भेगेची सुरुवात, असे गृहीत धरू नये. तीन-चार चकत्या मुद्दाम वेगवेगळ्या ठिकाणी थांबवाव्यात : कमाल बलाच्या थोडे आधी, कमाल बलावर, आणि पाच-दहा टक्के उतरल्यावर. त्यांचे छेद घेऊन पोकळ्या कुठे दिसतात, भेग खालच्या पृष्ठभागापासून आत जाते की जाडीच्या मधून सुरू होते, हे पाहावे. तन्य भंगात माथ्याभोवती वर्तुळाकार भेग पडते आणि गोल टोपी सुटते. ठिसूळ भंगात माथ्यापासून ताऱ्यासारख्या त्रिज्यीय भेगा फाकतात. दोन्ही मिसळलेले दिसले, तर त्या चकतीचा वक्र प्रतिमानासाठी वापरू नये.

भंगपृष्ठ इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहताना खळग्यांचे सरासरी अंतर मोजावे. संगणकी गणितासाठी धातू छोट्या घटकांच्या जाळीत विभागतात; त्या जाळीचा आकार निवडताना हे अंतर पुढे लागते.

प्रतिमान जुळवणे

पोकळ्यांची वाढ मोजणाऱ्या प्रतिमानांत गर्सन, ट्वेरगार्ड आणि नीडलमन यांचे प्रतिमान सर्वाधिक वापरात आहे. त्यात धातूतील पोकळ्यांचे आकारमान-प्रमाण ही एक चलराशी असते. ती शून्य असेल तर प्रतिमान नेहमीच्या फॉन मिझेस प्लास्टिकतेवर येते, आणि ती वाढत जाईल तसतसा धातू मऊ पडत जातो. यात आठ-नऊ स्थिरांक असतात. ते सर्व एकाच वक्रावर मोकळे सोडले, तर कोणताही वक्र जुळवता येतो आणि त्या जुळणीला काही अर्थ राहत नाही. म्हणून क्रम पाळावा.

आधी प्लास्टिकता ठरवावी. त्याच धातूचा लघु ताणनमुना उपलब्ध असेल तर त्याच्या खऱ्या प्रतिबल-विकृती वक्रापासून सुरुवात करावी. नसेल तर चकतीच्या वक्राच्या फक्त पहिल्या भागावर, जिथे पोकळ्यांचा प्रभाव नगण्य असतो, दृढीकरणाचे (विकृतीबरोबर धातू कडक होत जाण्याचे) स्थिरांक उलट्या गणिताने जुळवावेत. घर्षणगुणांक बलाच्या वक्रावर न जुळवता भेगेच्या कड्याच्या जागेवर जुळवावा. ही जागा आपण प्रत्यक्ष मोजलेली आहे.

मग जे स्थिरांक धातूच्या रसायनातून आणि प्रचलित अनुभवातून घेता येतात ते गोठवून टाकावेत. ट्वेरगार्ड यांचे गुणांक १.५ आणि १.०, तसेच पोकळ्या जन्मण्याची सरासरी विकृती ०.३ आणि तिचे प्रमाण विचलन ०.१, ही मूल्ये सहसा स्वीकारली जातात. आरंभीचे पोकळी-प्रमाण सल्फाइडच्या प्रमाणावरून फ्रँकलिन यांच्या सूत्राने काढता येते : मँगनीजच्या टक्केवारीने ०.००१ ला भागून आलेली संख्या गंधकाच्या टक्केवारीतून वजा करावी आणि उरलेल्याला ०.०५४ ने गुणावे. गंधक ०.००५ टक्के आणि मँगनीज ०.४५ टक्के असेल, तर उत्तर सुमारे ०.०००१५ येते. आता मोकळे राहतात ते तीनच : जन्मणाऱ्या पोकळ्यांचे प्रमाण, त्या एकमेकींना मिळू लागण्याचे सीमाप्रमाण आणि अंतिम भंगाचे प्रमाण. पहिला पडद्याच्या ताणाच्या उत्तरार्धावर, दुसरा कमाल बिंदूच्या जागेवर आणि तिसरा उतरणीच्या उतारावर जुळवावा.

चकतीचे प्रतिमान अक्ष-सममित करता येते. पंच आणि डाय कठोर धरले तरी चालतात. जाळीच्या आकाराचा प्रश्न मात्र नाजूक आहे. या प्रतिमानात धातू मऊ पडला की सारी विकृती जाळीतल्या घटकांच्या एकाच रांगेत गोळा होते, म्हणजे भेग पडण्यास लागणारी ऊर्जा घटकाच्या उंचीवर अवलंबून राहते. चकतीत ०.०५ मिमीचे घटक वापरून स्थिरांक जुळवले आणि कॉम्पॅक्ट टेन्शनच्या मोठ्या प्रतिमानात वेळ वाचवण्यासाठी ०.२ मिमीचे घटक घेतले, तर धातू प्रत्यक्षापेक्षा चिवट दिसतो, आणि ही चूक धोक्याच्या बाजूची असते. घटकाचा आकार खळग्यांच्या अंतराशी सुसंगत असा एकदाच निवडावा आणि दोन्हीकडे तोच ठेवावा.

एवढे करूनही एक शंका राहते : स्थिरांकांचे दोन भिन्न संच चकतीचा एकच वक्र देऊ शकतात. तो वक्र ०.६७ च्या आसपासच्या त्रिदिशतेतच तयार झालेला असल्याने त्या संचांतला फरक त्याला दिसत नाही. उपाय म्हणजे वेगळ्या त्रिदिशतेचा दुसरा लघुनमुना, उदाहरणार्थ खाच असलेला लहान गोल ताणनमुना, याच स्थिरांकांनी तपासणे. अतिरिक्त धातू लागतो, पण संचांची निवड त्यानेच होते.

पडताळणी

पडताळणीसाठी ठेवलेली चाचणी जुळवणीत वापरू नये, आणि तिचा निकाल पाहण्यापूर्वी भाकीत लिहून ठेवावे. अमेरिकेतील सँडिया नॅशनल लॅबोरेटरीजने २०१२ पासून तन्य भंगाच्या अशा अंध भाकितांची आव्हाने जाहीर केली. पहिल्यात १५-५ पीएच स्टेनलेस पोलाद होते, दुसऱ्यात टायटॅनियम मिश्रधातूचा पत्रा. एकच डेटा हाती असूनही वेगवेगळ्या चमूंची भाकिते एकमेकांपासून खूप दूर गेली, हे ज्यांना आपल्या जुळवणीचा फार भरवसा वाटतो त्यांनी वाचण्यासारखे आहे.

पडताळणीला १० × १० × ४ मिमीचा लघु कॉम्पॅक्ट टेन्शन नमुना सोयीचा पडतो. चार्पीच्या एका अर्ध्या भागातून असे अनेक निघतात. परंतु त्यालाही मर्यादा आहे. एएसटीएम ई१८२० नुसार जाडी आणि उरलेला लिगामेंट (भेगेपुढचा न फाटलेला भाग) हे दोन्ही, मोजलेल्या जे-मूल्याला (भेग वाढण्यास प्रतिक्षेत्र लागणाऱ्या ऊर्जेला) प्रवाह-प्रतिबलाने, म्हणजे यील्ड आणि ताणसामर्थ्य यांच्या सरासरीने, भागून दहापट केलेल्या लांबीपेक्षा मोठे हवेत. यील्ड ४८० आणि ताणसामर्थ्य ६६० मेगापास्कल असेल तर प्रवाह-प्रतिबल ५७० येते, आणि ४ मिमीच्या नमुन्यावर ग्राह्य मूल्य प्रतिचौरस मीटर २२८ किलोज्यूलपर्यंतच मोजता येते. त्याहून चिवट धातूत मिळालेला आकडा आकारावर अवलंबून असतो. तरीही तो वाया जात नाही, कारण आपल्याला त्याच नमुन्याचे बल-विस्थापन भाकीत करून मेळ पाहायचा असतो. मेळ बसला, तरच त्याच स्थिरांकांनी मोठ्या, कोंडी असलेल्या भेगेचे गणित करावे.

अहवालात काय लिहावे

प्रत्येक चकतीचे जाडीचे पाचही आकडे, कापण्याची दिशा, तापमान, वेग, वंगण, विस्थापन कुठे मोजले आणि लवचिकतेची दुरुस्ती कशी केली, हे लिहावे. मोजलेले स्थिरांक, साहित्यातून घेतलेले स्थिरांक आणि जुळवलेले स्थिरांक तीन वेगळ्या रकान्यांत द्यावेत, जाळीतल्या घटकाचा आकार त्यांच्याच शेजारी असावा. कोणत्या त्रिदिशतेपर्यंत पडताळणी झाली तेही नमूद करावे. तपासलेल्या चकत्या आणि त्यांचे छेद क्रमांक घालून डेसिकेटरमध्ये ठेवावेत; प्रतिमान बदलले की भेगेच्या कडेची जाडी आणि खळग्यांचे अंतर त्यांवरून पुन्हा मोजावे लागते.